उन्हाची हजेरी

मे महिना नुकताच लागला होता. सकाळचे साडेअकरा वाजले असतील. भाची दारात उभी राहून एका हाताने भिंत धरून चप्पल काढत होती आणि गळ्यातला स्टेथोस्कोप काढायचा राहून गेला होता. मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयात ती मेडिसिनची ‘जेआर वन’ आहे, म्हणजे पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षाची निवासी डॉक्टर. आदल्या दिवशी सकाळी सातला वॉर्डात शिरलेली बाई आत्ता सुटली होती. तिच्या क्वार्टर्सपेक्षा माझं घर शांत, म्हणून पोस्ट-ड्यूटी झोपायला ती अधूनमधून टॅक्सी करून माझ्याकडे येते.

“मावशी, थोडं दूध दे ना. गार असलं तरी चालेल.”

पर्समधून तिने एक चपटी पुडी काढली, कोपरा दातांनी फाडला, पांढरी भुकटी दुधात ओतून ढवळली आणि एका दमात पेला रिकामा केला.

“साठ हजारांची?” मी विचारलं. घरात गुडघेदुखीवाली दोन माणसं असली की हा आकडा पाठ होतो.

“हो. माझं नऊ आलंय.”

“नऊ म्हणजे?”

“वीसच्या वर हवं. आमच्या क्वार्टर्समध्ये एक सहावाली आहे. मी बरीच म्हणायची!”

मग पडदे ओढून, पंखा पाचवर करून ती आडवी झाली. तासाभराने हळूच डोकावले तर डोळे टक्क उघडे. “झोप येतेय गं,” ती म्हणाली, “पण लागत नाहीये.”

बाहेर गच्चीवर शेजारच्या काकूंच्या कुरडया दोन तासांत कडकडीत झाल्या होत्या. आणि आत पडद्याआड सव्वीस वर्षांची धडधाकट मुलगी, जिच्या रक्तात ऊन कमी पडलं होतं. तिचा तो नऊचा आकडा आणि ती न लागणारी झोप यांचं काही नातं असेल का, हे जरा बघू म्हणून मी वाचायला बसले. पुढचे आठ-दहा दिवस त्यातून बाहेर आले नाही.

आधी त्या व्हिटॅमिन डी-च्या पुडीचंच बघा. साठ हजार म्हटलं की केवढं काय वाटतं. पण साठ हजार युनिट म्हणजे जेमतेम दीड मिलिग्रॅम. खसखशीचे पाच दाणे. पुडीतली बाकीची भुकटी नुसती भर घालायला. मोठ्या माणसाची रोजची गरज ६०० युनिट धरतात. म्हणजे खसखशीच्या एका दाण्याचे वीस भाग करायचे आणि त्यातला एक भाग दिवसाला. ऐंशी वर्षं जगलात तरी जन्मभराचा शिधा अर्ध्या ग्रॅमच्या आत बसतो. चिमटीत मावेल आणि वर जागा उरेल.

हा शिधा येतो कुठून? बहुतेक वेळा मेंढीच्या लोकरीतून. लोकरीला जो मेणचट तेलकटपणा असतो त्यातून कोलेस्टेरॉल काढतात, त्यावर प्रक्रिया करून ७-डीहायड्रोकोलेस्टेरॉल नावाचा पदार्थ करतात आणि तो अतिनील दिव्याखाली धरतात. कारखान्यालाही शेवटी ऊनच लागतं, फक्त ते दिव्याचं. (आमच्या सासूबाई कांदा-लसूणसुद्धा खात नाहीत आणि दर रविवारी ही पुडी घेतात. लोकरीची गोष्ट त्यांना सांगायचं धाडस मी अजून केलेलं नाही.)

गंमत म्हणजे हाच कच्चा माल आपल्या कातडीत भरलेला असतो. त्या रेणूत चार कड्या एकमेकींना चिकटलेल्या असतात. उन्हातला एका ठरावीक लांबीचा किरण, साधारण २९० ते ३१५ नॅनोमीटरचा, ज्याला अतिनील-बी म्हणतात, तो येऊन दुसऱ्या कडीवर बसतो आणि कडी तुटते. बस्स, सूर्याचं काम एवढंच. पुढचं काम उबेचं. तुटक्या कडीचा तो रेणू कातडीच्या उबेत काही तासांत आपोआप वळसा घेतो आणि त्याचं डी-३ होतं. विरजण लावून भांडं ओट्यावर झाकून ठेवावं, तसं. तिथून तो रक्तात उतरतो, यकृतात त्याला एक जोड मिळते, मूत्रपिंडात दुसरी, आणि मग कुठे तो कामाला लागतो. जो पदार्थ शरीर स्वतः बनवतं, रक्तातून लांब पाठवतं आणि जो तिथल्या पेशींना हुकूम सोडतो, त्याला संप्रेरक म्हणायला हवं. पण १९२२ साली अमेरिकेत एल्मर मॅकॉलम यांनी माशाच्या तेलात हा गुण वेगळा ओळखला तेव्हा व्हिटॅमिनांची ए, बी, सी ही अक्षरं गेलेली होती. पुढचं डी. नाव पडलं ते पडलं.

ऊन जास्त झालं तर? कातडी हुशार आहे. गरजेपुरतं झालं की तेच ऊन जादा मालाचे दुसरे, निरुपयोगी रेणू करून टाकतं. उन्हाने कुणाला डी-ची बाधा झाली असं होत नाही. पुडीला मात्र असा लगाम नाही. ‘शक्तीची पावडर’ म्हणून महिनोन् महिने रोज एक पुडी घेणाऱ्या माणसाचं रक्तातलं कॅल्शियम वाढतं आणि मूत्रपिंड धोक्यात येतं.

आता जी गोष्ट वाचून मी खुर्चीत सरळ बसले ती सांगते. लहानपणापासून आपण आजीकडून ऐकत आलोय की बाळाला कोवळ्या उन्हात धरावं, हाडं मजबूत होतात. तिरुपतीच्या डॉक्टरांनी ७-डीहायड्रोकोलेस्टेरॉल भरलेल्या काचेच्या कुप्या दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी उन्हात ठेवून पाहिल्या. कुठल्या तासाला किती कड्या तुटतात, हे मोजायचं. सर्वांत जास्त तुटल्या त्या अकरा ते दोन या वेळात. सकाळी सातचा सूर्य तिरपा असतो. त्याच्या किरणांना हवेच्या जाड थरातून वाट काढावी लागते आणि अतिनील-बी वाटेतच खर्ची पडतो. कोवळं ऊन गोड असतं, त्यात ऊबही असते, पण कड्या तोडण्यापुरतं फार थोडं. ओळखायची खूण सोपी आहे: आपली सावली आपल्यापेक्षा बुटकी असेल तेव्हाच कातडीची भट्टी नीट पेटते. म्हणजे आईने “उन्हातून आत ये, काळी होशील” म्हणून हाका मारायची वेळ. आणि त्या काळेपणालाही अर्थ आहे. सावळ्या कातडीतलं रंगद्रव्य ही जन्मजात छत्री. ती अतिनील किरण अडवते. म्हणून आपल्याला गोऱ्या माणसापेक्षा जास्त वेळ उन्हात राहावं लागतं.

मग कोवळं ऊन म्हणजे आजीचा भाबडेपणा? थांबा. आजीला न्याय मिळणार आहे, जरा पुढे.

बर्लिनमध्ये १९१९ साली कुर्ट हुल्डशिन्स्की नावाच्या डॉक्टरने मुडदूस झालेल्या मुलांना पाऱ्याच्या वाफेच्या दिव्याखाली बसवलं. पहिल्या महायुद्धानंतरचं उपाशी शहर, पाय धनुष्यासारखे वाकलेली मुलं. काही आठवड्यांनी क्ष-किरण चित्रांत हाडं भरू लागलेली दिसली. मग त्याने एक नामी युक्ती केली: मुलाच्या एकाच हाताला प्रकाश दिला आणि चित्रं दोन्ही हातांची काढली. दोन्ही हातांची हाडं सुधारलेली. ऊन एका हाताला आणि गुण दुसऱ्याला! म्हणजे कातडीत काहीतरी तयार होऊन रक्तातून सगळीकडे जात होतं. ते काय, हे कळायला अजून वेळ होता, पण ‘काहीतरी आहे’ हे त्या दुसऱ्या हाताने सांगून टाकलं.

आणि १९२२ साली, जवळजवळ त्याच वेळी, आपल्या मुंबई इलाख्यात हचिसन आणि शहा हे दोघे मुडदुसाच्या मागे लागले होते. त्यांना दिसलं ते उफराटं होतं. खाऊनपिऊन सुखी घरांतली मुलं, ज्यांच्या आया पडदा पाळत आणि ज्यांचं बाळपण अंधाऱ्या माजघरात जाई, त्यांची हाडं मऊ. आणि दिवसभर शेतात राबणाऱ्या मजूर बायकांची, जेमतेम खाणारी, बांधावर उघड्यानागड्या खेळणारी पोरं ताठ उभी. एरवी गरिबीला जास्त गाठणारं दुखणं इथे पडद्याला गाठत होतं.

भाचीचा नऊ हा आकडा मला या निरीक्षणाजवळ नेऊन ठेवावासा वाटतो. शंभर वर्षांनी पडदा बदलला आहे. आता तो एप्रनचा आणि ट्यूबलाइटचा आहे.

ती काही एकटी नाही. २०१२ साली भारतातल्या १८ शहरांमधल्या २,११९ आरोग्य कर्मचाऱ्यांचं रक्त तपासून एक अहवाल निघाला. त्यात ७९ टक्के लोकांमध्ये डी कमी होतं आणि पुरेसं म्हणावं असं फक्त सहा टक्क्यांमध्ये. त्याच्या दोनच वर्षं आधी मुंबईतल्या एका अध्यापन रुग्णालयातल्या निवासी डॉक्टरांच्या हाडांची घनता मोजली गेली होती. वयं पंचवीस ते पस्तीसच्या मधली, हाडं सर्वांत भरदार असायचं वय. दहांतल्या आठांहून अधिक जणांमध्ये डी कमी, आणि हाडांची घनताही अपेक्षेपेक्षा उणी. दिल्लीत २००० साली अशीच तपासणी झाली तेव्हा डॉक्टर-नर्सच्या शेजारी सैनिकांचंही रक्त तपासलं होतं. दिवसभर मैदानावर असणारे सैनिक कितीतरी वर आणि रुग्णालयातली मंडळी पार तळाला. शहर एक, सूर्य एक. अल्बर्टा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ साली जगभरच्या व्यवसायांची अशी आकडेवारी एकत्र मांडली तेव्हा पाळीत काम करणारे आणि छपराखाली काम करणारे सर्वांत खाली निघाले. आरोग्यसेवेतल्यांमध्ये ज्येष्ठ डॉक्टरांपेक्षा निवासी डॉक्टर खाली. शिक्षण जसं सरतं तसं ऊन मिळायला लागतं, असा याचा अर्थ लावायचा का?

आता झोपेकडे. मराठीत आपण ‘झोप येते’ आणि ‘झोप लागते’ या दोन वेगळ्या गोष्टी मानतो. भाषेला हे कसं उमगलं कोण जाणे, पण १९८२ साली झुरिचच्या अलेक्झांडर बोर्बेली यांनी झोपेची जी उपपत्ती मांडली ती हीच. पहिली गोष्ट झोपेचं ओझं. जागं राहू तसतसं मेंदूत अडेनोसिन साठत जातं आणि पापण्या जड होतात. ही झोप ‘येणं’. (चहा-कॉफी हे अडेनोसिन साफ करत नाहीत, ते फक्त त्याच्या खुर्चीत जाऊन बसतात. पहाटे तीनला कँटीनचा कटिंग पिऊन तरतरी येते ती उसनी असते.) दुसरी गोष्ट घड्याळ. ते ‘आता रात्र’ म्हणेल तेव्हाच ओझ्याला दार उघडून मिळतं. ही झोप ‘लागणं’. अठ्ठावीस तास जागलेल्या माझ्या भाचीकडे ओझं डोंगराएवढं होतं. तिचं घड्याळ मात्र म्हणत होतं, भर दुपार आहे, ऊठ.

हे घड्याळ मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या किंचित वर असतं. सुमारे वीस हजार पेशी, आकार तांदळाच्या दाण्यासारखा. आणि ते किंचित मागे पडणारं घड्याळ आहे. माणसाला बाहेरची कसलीही खूण न देता ठेवलं तर त्याचा दिवस साधारण २४ तास १० मिनिटांचा होतो. आमच्या आजोबांचं चावीचं घड्याळ असंच रोज थोडं रेंगाळायचं आणि रोज सकाळी आकाशवाणीच्या बातम्यांआधीच्या ठोक्यांवर ते काटे जुळवायचे. शरीराच्या घड्याळाला हे ठोके ऐकू येतात उजेडातून, तेही मुख्यतः सकाळच्या.

उजेडाची बातमी त्या दाण्यापर्यंत कोण पोचवतं, हे कोडं विसाव्या शतकाच्या शेवटापर्यंत सुटलं नव्हतं. डोळ्यात दोनच प्रकारच्या प्रकाशपेशी, शंकू आणि दंड, असं शंभर वर्षं शिकवलं जात होतं. पण काही पूर्ण अंध माणसांचं घड्याळही उजेडाने जुळत होतं. ज्याला दिवा लागल्याचं दिसत नाही त्याच्या मेंदूला तो लागल्याचं कळतंय! उत्तर निघालं बेडकाच्या कातडीतून. आफ्रिकेतल्या एका बेडकाची कातडी उजेड पडला की रंग बदलते. १९९८ साली इग्नासिओ प्रोव्हेन्सिओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तिच्यातल्या रंगपेशींत एक नवं प्रकाशद्रव्य सापडलं. रंगपेशींवरून त्याचं नाव ठेवलं मेलॅनॉप्सिन. मग तेच आपल्या डोळ्याच्या पडद्यातही मिळालं, आणि २००२ साली ब्राऊन विद्यापीठात डेव्हिड बर्सन यांनी दाखवलं की पडद्यातल्या काही मोजक्या चेतापेशी शंकू-दंडांची मदत न घेता थेट उजेडाला जाग्या होतात. त्या चित्र बघत नाहीत. ‘किती उजेड आहे?’ एवढंच मोजतात आणि त्या तांदळाच्या दाण्याला कळवतात. त्यांना सर्वांत जास्त भावतो तो ४८० नॅनोमीटरच्या आसपासचा, आभाळी निळा प्रकाश.

तो कोवळ्या उन्हात भरपूर असतो. आजीचं चुकलं नव्हतं. तिने फक्त हाडांना श्रेय दिलं, जे घड्याळाला द्यायला हवं होतं.

म्हणजे सूर्य एकच, पण तो आपल्याशी दोन भाषांत बोलतो. दुपारी, डोक्यावर आल्यावर, कातडीशी. सकाळी, तिरपा असताना, डोळ्याशी. दोन्हीकडचे किरण वेगळे आणि कामंही वेगळी. हे समजल्यावर मला भाचीची त्या दिवशीची टॅक्सी आठवली आणि अंगावर काटा आला. टॅक्सीत एसी, म्हणून काचा वर. साधी काच अतिनील-बी जवळजवळ सगळा अडवते आणि निळा प्रकाश आरपार सोडते. म्हणजे त्या वीस मिनिटांत तिच्या कातडीला जे हवं होतं ते काचेने बाहेर ठेवलं, आणि झोपायला निघालेल्या डोळ्याला जे नको होतं ते सगळं आत घेतलं. पडदे ओढायच्या आत घड्याळाने नोंद केली होती: सकाळ झाली.

वॉर्डातही तेच, उलट्या बाजूने. ट्यूबलाइटखाली काही शे लक्स उजेड असतो. बाहेर दुपारी लाखभर, आणि पावसाळी ढगाळ दिवशीसुद्धा हजारोंनी. दिवसा वॉर्ड घड्याळाला अंधारा आणि रात्री तोच वॉर्ड त्याला भगभगीत. आत राहणाऱ्याचा दिवस पुरेसा दिवस होत नाही आणि रात्र पुरेशी रात्र होत नाही.

पहाटे चार-साडेचारला शरीराचं तापमान तळाला जातं. भाची म्हणते, सगळ्यात कठीण वेळ ती. “सलाईनचे थेंब मोजायला गेलं की आकडा निसटतो. मग परत पहिल्यापासून.” ती हसून सांगते. मी हसू शकले नाही, कारण मी नुकतंच वाचलं होतं: १९९७ साली ऑस्ट्रेलियातल्या डॉसन आणि रीड यांनी दाखवलं की सलग सतरा तास जागलेल्या माणसाची हात-डोळ्यांची चपळाई, रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाएवढी उतरते. आपल्याकडे गाडी चालवायची कायदेशीर मर्यादा आहे ०.०३. बॉस्टनमध्ये इंटर्न डॉक्टरांवर प्रयोग झाला, त्याचा निष्कर्ष २००४ साली आला: चोवीस तासांहून लांब पाळ्यांच्या जुन्या वेळापत्रकात गंभीर चुका ३६ टक्क्यांनी जास्त.

आता मूळ प्रश्न. डी कमी असलं की झोप बिघडते का?

झोपेची प्रत मोजायला १९८९ सालापासून पिट्सबर्गची एक प्रश्नावली वापरतात. एकोणीस प्रश्न: किती वाजता पडता, किती वेळात लागते, मधे किती वेळा उठता. शून्य ते एकवीस गुण, आणि पाचाच्या वर गेलात तर झोप वाईट. मी भाचीला विचारत गेले आणि मांडत गेले. बारा आले. “सगळ्यांचे एवढेच येतील,” म्हणून तिने तो कागद परत दिला.

२०१८ साली अशा नऊ अभ्यासांची, ९,३९७ माणसांची, बेरीज करून पाहिली गेली. ज्यांचं डी वीसच्या खाली, त्यांच्यात झोपेच्या तक्रारींची शक्यता सुमारे दीडपट निघाली. दुवा संभवतोही. डी-चा निरोप घेणारे कान, म्हणजे ग्राहक-रेणू, मेंदूत ज्या भागांत दाट सापडले त्यांत हायपोथॅलॅमसही आहे, आणि झोपेचं घड्याळ त्याच मोहल्ल्यात राहतं. शिवाय डी फार कमी असेल तर हाडं-स्नायू ठणकतात, आणि ठणकणाऱ्या अंगाला कसली झोप.

पण मुंबईकराला एक गोष्ट पावसाळ्यात शिकवावी लागत नाही: ज्या दिवशी रस्त्यावर छत्र्या जास्त, त्या दिवशी सबवेत पाणी जास्त. छत्र्यांमुळे पाणी तुंबतं असं कुणी म्हणत नाही. डी आणि झोपेचं तसंच असू शकेल. जो रात्री जागतो तो दिवसा झोपतो. जो दिवसा झोपतो त्याला ऊन मिळत नाही. ज्याला ऊन मिळत नाही त्याचं डी उतरतं आणि घड्याळही भरकटतं. मग रक्तातला आकडा आणि प्रश्नावलीतला आकडा एकत्र हलतात, ते एकाच दोरीला बांधलेत म्हणून. ही शंका सोडवायचा मार्ग म्हणजे पुडी देऊन बघणं, आणि तिथे उत्तरं फाटतात. इराणमध्ये झोपेची तक्रार असलेल्या ८९ जणांवर आठ आठवडे प्रयोग झाला. डी मिळालेल्यांचे गुण सुधारले. अमेरिकेत रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांना वर्षभर रोज २,००० युनिट दिलं. झोप सुधारली नाही.

माझा कौल कुठे जातो, ते सांगते. मला तो आकडा म्हणजे हजेरीपट वाटतो. रक्तातल्या डी-चा साठा निम्म्यावर यायला दोन-तीन आठवडे लागतात, म्हणून त्या एका आकड्यात मागच्या महिना-दोन महिन्यांची नोंद असते: दुपारचा सूर्य असताना ही व्यक्ती किती वेळा हजर होती. भाचीच्या पटावर नऊ, म्हणजे बहुतेक गैरहजर. पुडी घेतली की पटावर सह्या होतात. हाडांना त्या सह्या चालतात, त्यांना रेणू मिळाल्याशी मतलब. म्हणून पुडी घ्यायलाच हवी, त्यात वाद नाही. घड्याळाला मात्र दुसऱ्याने केलेली सही चालत नाही. त्याला प्रत्यक्ष सकाळ लागते, आणि सकाळ कुठल्या पुडीत भरता येत नाही.

आणि भाचीला ती सकाळ मिळणार कुठून? निवासी डॉक्टर हा शब्दच बघा ना: जो रुग्णालयात राहतो तो. ही पद्धत बसवणाऱ्यांपैकी एक, जॉन्स हॉपकिन्सचे विल्यम हॉल्स्टेड, थोर सर्जन होते आणि आधी कोकेन, मग मॉर्फिन यांच्या आहारी गेलेले होते. दमणं हा त्यांच्या शाळेत विषयच नव्हता. आपल्याकडे १९९२ च्या केंद्रीय रेसिडन्सी योजनेत सलग बारा तास आणि आठवड्याला ४८ तास असं लिहिलेलं आहे. २०२४ साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कार्यदलाने सुचवलं, आठवड्याला जास्तीत जास्त ७४ तास. बत्तीस वर्षांत कागदावरचा आकडा वाढला. मी हे भाचीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “चौऱ्याहत्तर? मिळतील तर घेईन.”

एक गोष्ट मात्र मी तिला आवर्जून सांगितली. मुंबईवर सूर्य वर्षातून दोनदा बरोब्बर डोक्यावर येतो. पंधरा मेच्या सुमाराला, आणि मग जुलैच्या अखेरीला, पण तेव्हा ढगच असतात. मेमधल्या त्या दिवशी दुपारी बारा पस्तीसला सरळ उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाखाली गडप होते. “त्या वेळी तू कुठे असशील?”

“राउंडवर. नाहीतर राउंडची कामं करत.”

पंधरा तारखेला मी गच्चीवर तांब्या ठेवून बसले होते. बारा पस्तीसला त्याची सावली खरंच नाहीशी झाली. दोन मिनिटांनी मोबाइल वाजला. तिने फोटो पाठवला होता: रुग्णालयाच्या दोन इमारतींमधला मोकळा चौक, तापलेली फरशी, मधोमध लोखंडी सलाईन स्टँड. आजूबाजूला सावली नाही. कोपऱ्यात तिच्या सपाता आणि हातातल्या थंड पेटीची कड दिसत होती.

खाली लिहिलं होतं: “ब्लड बँकेत चालले होते. चार मिनिटं झाली. पुरे ना?”